घरगुती खाद्यपदार्थांचा धंदा ओळखीबाहेर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, चटण्या, लाडू, पापड असं काहीबाही घरून करून विकणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. मी स्वतः याच धंद्यात आहे, त्यामुळे 'स्वप्नं मोठी बघा' छापाचं इथे काही सापडणार नाही. आकडे जिथे उदाहरणादाखल आहेत तिथे तसं सांगितलं आहे. ते तुमच्या गावच्या भावाने बदलून घ्या.

माझं बरं चाललंय. मग उगाच बाहेर कशाला पडायचं?

पडलंच पाहिजे असं काही नाही. घरखर्चाला हातभार लागतो, चार लोक नाव घेतात, संध्याकाळ मोकळी मिळते, एवढंच हवं असेल तर आहे ते उत्तम चाललंय. कुणाच्या भाषणाला भुलून ते मोडू नका.

पण 'बरं चाललंय' म्हणणाऱ्या पुष्कळ जणींचं फक्त दिवाळीत बरं चाललेलं असतं. एकदा वही काढून बसा. गेल्या सहा महिन्यांत अशा किती माणसांनी ऑर्डर दिली, जी तुमची कुणीच लागत नाहीत? सोसायटी, माहेर, मिस्टरांचं ऑफिस, मुलांच्या शाळेतल्या आया, या चार गोतावळ्यांवर बहुतेकींचा धंदा उभा असतो. ते संपले की वाढ थांबते. थांबली आहे हे लवकर कळत नाही, कारण दर दिवाळीला तीच माणसं तेवढेच लाडू मागवतात आणि आपल्याला वाटतं, ऑर्डरी येतायत की! तोवर डाळ, तेल, खोबरं सगळं महाग झालेलं असतं आणि हातात उरणारा पैसा गुपचूप कमी झालेला असतो.

शिवाय ओळखीचं गिऱ्हाईक मायेपोटी खरं सांगत नाही. चकली मऊ पडली तरी म्हणेल, "छान झाली होती हो." अनोळखी माणूस बोलत काहीच नाही, फक्त पुन्हा मागवत नाही. तेच खरं उत्तर असतं, आणि ते ऐकण्याची सोय ओळखीच्या धंद्यात नाही.

सगळे 'कम्फर्ट झोन'मधून बाहेर पडा म्हणतात. आमच्या धंद्यात त्याचा नेमका अर्थ काय?

ज्या कामाला तुम्ही वर्षभर "बघू, दिवाळीनंतर" म्हणताय, ते काम. बहुतेकींच्या बाबतीत ते या चारपैकी एक निघतं: उधारी मागणं, भाव वाढवणं, अनोळखी दुकानाची पायरी चढणं, किंवा आपलं प्रमाण दुसऱ्याच्या हाती देणं.

गंमत अशी की नवा पदार्थ सुरू करायला कुणी घाबरत नाही. भाजणी अडली की आपण आवळा कँडी करायला घेतो. स्वयंपाकघर ही आपली हक्काची जागा, तिथे कितीही राबलं तरी ते बाहेर पडणं होत नाही. सहा पदार्थांचे बारा झाले आणि गिऱ्हाईक तेच राहिलं, तर फक्त डबे वाढले.

सुरुवात कुठून करू? भीती वाटते.

भीती बहुतेक वेळा पैशाची असते आणि आपण तिला लाजेचं नाव देतो. म्हणून आधी पैसा बाजूला काढा. या प्रयोगात पूर्ण बुडाली तरी घरात कुणाचं काही अडणार नाही, अशी एक रक्कम ठरवा. दोन हजार असेल, दहा हजार असेल. ती वहीत 'शिकण्याचा खर्च' म्हणून लिहून टाका. आता तेवढ्यात बसेल असं एकच काम निवडा: एक पदार्थ, एक नवी जागा, दोन महिने.

रक्कम संपली की थांबायचं आणि हिशेब बघायचा. मध्येच "आणखी थोडे घातले तर जमेल" असं वाटायला लागतं, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वही दाखवा. मी धाडसाच्या विरुद्ध नाही, पण माप न ठरवता केलेलं धाडस घरातल्या इतरांना महागात पडतं.

दुकानात जाऊन माल ठेवा म्हणायची लाज वाटते. काय बोलायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेळ निवडा. दुपारी साडेतीनच्या आसपास किराणा दुकानात गर्दी नसते. संध्याकाळी सातला गेलात तर तुमच्याकडे बघायलाही मालकाला फुरसत नसते, आणि आपल्याला वाटतं तो उद्धट आहे. आधी एकदा गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. तुमच्यासारखा माल कुठल्या फळीवर आहे, कोणत्या वजनाची पाकिटं आहेत, एमआरपी किती, हे बघा.

दुकानदार पाकीट हातात घेतल्यावर काय करतो ते लक्षात ठेवा. तो पुढची बाजू बघत नाही, आधी पालथं करतो. मागे एमआरपी, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायचं ती तारीख, अन्न सुरक्षेचा १४ अंकी नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, पत्ता, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका हे सगळं आहे का, ते त्याच्या नजरेला दोन सेकंदांत कळतं. मग अंगठ्याने सील दाबून बघतो. हवा सुटली तर पुढचं बोलणं तिथेच संपलं. मग विचारतो, "मार्जिन काय?"

इथे आकडा लगेच आला पाहिजे. "तुम्हीच सांगा ना" म्हणालात की तो चाळीस टक्के सांगणार आणि त्यात त्याची चूक नाही. बोलणं एवढंच पुरे:

"नमस्कार दादा. मी थालीपिठाची भाजणी करते. अर्ध्या किलोचं पाकीट, एमआरपी १६०, तुम्हाला २५ टक्के सुटतात. सहा पाकिटं ठेवून जाते, पंधरा दिवसांनी येते."

एवढं बोलून गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड जातं. "घरचंच आहे हो, बघा जमलं तर, नाही विकलं तरी चालेल" असं आपण घाईघाईने बोलून जातो आणि स्वतःच्याच मालाचा भाव पाडतो. नाही म्हणाला तर "बरं, पुन्हा येऊन जाईन" म्हणून निघा. त्याने पाकिटाला नाही म्हटलेलं असतं, तुम्हाला नाही.

आणि खरंच पंधराव्या दिवशी जा. निम्म्या जणी माल ठेवतात आणि पुन्हा फिरकतच नाहीत, कारण परत जाऊन "किती गेलं?" विचारायला माल ठेवण्यापेक्षा जास्त धीर लागतो. पाकिटं मागच्या रांगेत ढकललेली असतात. ती पुढे आणून लावणं हेही तुमचंच काम.

दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, विकलं तर पैसे." ठेवू का?

पहिल्या खेपेला ठेवा, पण मोजका. सहा पाकिटं, दहा पाकिटं. दुबार कार्बनच्या वहीवर किती पाकिटं, काय भाव, कुठली तारीख हे लिहून सही घ्या. दुसऱ्या खेपेपासून, विकलेल्याचे पैसे मिळाल्यावरच नवा माल. तारीख उलटायला महिना राहिला की पाकिटं स्वतः बदलून द्या. जुनं पाकीट गिऱ्हाईकाच्या घरी गेलं तर नाव दुकानाचं जात नाही, तुमचं जातं.

मोठी दुकानं, कँटीन, हॉटेलवाले पैसे अडकवतात तेव्हाची गोष्ट वेगळी. तिथे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, उपयोगी पडते. ती केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधारवरून मोफत होते, एजंटला पैसे देण्याची गरज नाही. एमएसएमई (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग) विकास कायदा २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघू उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. दाद मागायला याच कायद्याखाली नेमलेली सुविधा परिषद आहे.

अठराशे रुपयांसाठी कुणी परिषदेत जात नाही, हे मलाही कळतं. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला तो दिसतो, कारण वेळेत पैसे न दिल्यास आयकरात तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. हा नियम आल्यापासून जरा फरक पडला आहे.

भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल ना?

काही तुटेल. आधी हे बघा की आत्ताच्या भावात तुम्ही कमावताय का.

अर्धा किलो भाजणीचं उदाहरण घेऊ. धान्य-डाळी ४५ रुपये, गॅस आणि गिरणी १२, पाउच-लेबल ८, तुमची मजुरी २५. झाले ९०. घरून १२० ला विकता, ३० सुटतात, छान वाटतं. आता तेच पाकीट १२० एमआरपीने दुकानात ठेवलं आणि त्याने २५ टक्के घेतले, तर तुमच्या हातात ९० येतात. म्हणजे शून्य. त्यात रिक्षा आणि परत आलेलं पाकीट धरलं तर खिशातून गेले. एमआरपी १६० असेल तर त्याचे ४० जाऊन १२० येतात, खर्च ९०, पोहोचवणं आणि परतीचे १० धरले तर २० उरतात.

मजुरीचे २५ रुपये बहुतेकींनी लावलेलेच नसतात. "माझं काय, मी घरीच असते." ताई, उद्या कामाला बाई ठेवलीत तर ती घरीच असते म्हणून फुकट काम करणार आहे का?

जुन्या गिऱ्हाईकांना सरळ सांगा: एक तारखेपासून नवा भाव. कारणांची यादी देऊ नका. आणि दुकानात १६० व घरी १२० असे दोन भाव ठेवू नका. दुकानदाराला कळतं, आणि मग तो तुमचा माल फळीवरून काढतो.

स्वस्तातला माल वेगळा काढू का, असंही विचारतात. लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: १५ मार्च १९५९, गिरगाव, सात जणी, उसने घेतलेले ८० रुपये. त्यातला एक भाग मात्र कुणी सांगत नाही. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, हलक्या प्रतीचा स्वस्तात विकायला. ज्यांनी पैसे दिले त्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच चांगली प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. माझ्या मते ८० रुपयांपेक्षा या सल्ल्याची किंमत जास्त होती.

प्रदर्शनात स्टॉल घ्यावा का?

भाडं बघून ठरवा. समजा तीन दिवसांचे सहा हजार आहेत आणि १६० च्या पाकिटामागे थेट विक्रीत ७० सुटतात. म्हणजे ८६ पाकिटं फक्त भाड्यात गेली. टेम्पो, सोबतीचा माणूस, चहा-जेवण वेगळं. आयोजकाला मागच्या वर्षीच्या दोन-तीन स्टॉलवाल्यांचे नंबर मागा आणि त्यांनाच विचारा. नंबर द्यायला आयोजक कां-कूं करत असेल तर तिथेच समजून जा.

बचत गटात असाल तर 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण अभियानामार्फत मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस'सारख्या बचत गटांच्या प्रदर्शनात संधी मिळू शकते. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, तिथेही ग्रामीण बचत गटांना जागा असते. तिथलं गिऱ्हाईक घरगुती चव शोधतच आलेलं असतं, मॉलबाहेरच्या प्रदर्शनात तसं नसतं.

स्टॉलवर बसू नका, उभ्या राहा. दुपारी चारला गर्दी ओसरली की सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात, आणि नेमकं तेव्हाच निवांत फिरणारं, विचारून घेणारं गिऱ्हाईक येतं. परवानगी असेल तर तवा मांडा. थालीपीठ भाजल्याचा वास जे करतो ते बॅनर करत नाही. चव देताना बोलू नका, चेहरा बघा. "छान आहे" म्हणून पुढे गेला म्हणजे आवडलं नाही. "हे किती दिवस टिकतं?" विचारलं म्हणजे घेणार.

हाताखाली माणूस ठेवला तर तो रेसिपी चोरेल. काय करू?

चोरण्यासारखं काही लिहून ठेवलंय का तुम्ही? बहुतेकींचं प्रमाण डोक्यात असतं. 'एक वाटी', 'अंदाजाने', 'खमंग वास आला की उतरवायचं.' हे नव्या बाईला सांगून काही होत नाही. तिच्या नाकाला तो वास वेगळा येतो.

एक रविवार काढा. वजनकाटा मांडून प्रत्येक धान्य ग्रॅममध्ये लिहा. कुठली कढई, एका वेळी किती किलो, आच किती, किती मिनिटं. भाजणीत तांदूळ, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे हे वेगवेगळे भाजायचे कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. प्रत्येकाचा बरोबर भाजलेला नमुना छोट्या पारदर्शक बरणीत ठेवा आणि वर 'इथे थांबायचं' अशी चिठ्ठी लावा. बाई कढईतला रंग बरणीशी ताडून बघते आणि तुम्हाला हाका मारणं बंद होतं.

चोरीची धास्ती असेल तर मसाल्याचं मिश्रण तुम्ही स्वतः तोलून पुड्या बांधून द्या, निवडणं, भाजणं, भरणं तिच्याकडे. अर्धं काम गेलं तरी दिवसाचे तीन तास सुटतात, आणि दुकानांच्या फेऱ्या त्या तीन तासांतच होणार आहेत.

कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही. रील्स कशा करू?

तोंड दाखवू नका. हात दाखवा, कढई दाखवा, आवाज तव्याचा असू दे.

इंग्रजी येत नाही, म्हणून मोठ्या दुकानात जात नाही.

मोठ्या दुकानातला खरेदी बघणारा माणूसही आपल्याकडलाच असतो. त्याला भाव, वजन, तारीख आणि बिल कळलं की झालं.

घरचे म्हणतात, कशाला हा उपद्व्याप?

त्यांचं ऐकून घ्या, कारण निम्म्या वेळा त्यांचा मुद्दा बरोबर असतो. स्वयंपाकघर आठवडाभर अडलेलं असतं, पोरांचे डबे उशिरा होतात, दिवाणावर पाउच पसरलेले. धंद्याची वेळ आणि जागा ठरवून दिली की निम्मा विरोध मावळतो. उरलेला विरोध पैसा दिसला की मावळतो. घरखर्च आणि धंद्याचं खातं वेगळं करा, आणि तुमच्या मजुरीचे पैसे दर महिन्याला धंद्याच्या खात्यातून खरोखर काढून घ्या.

कर्ज काढू का?

विक्री सिद्ध होण्याआधी नको. मशीन घेतल्याने गिऱ्हाईक येत नाही. दुकानं पुन्हा पुन्हा मागवतायत आणि हात पुरत नाहीत, तेव्हा काढा. मसालेवाल्यांचं गणित थोडं वेगळं आहे. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची वर्षाची उन्हाळ्याआधीच भरावी लागते, तेव्हा एकरकमी पैसा लागतो.

मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगासाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० पासून आहे. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान कर्जाशी जोडून मिळतं आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. सध्या अर्ज घेतायत का, हे जिल्हा कृषी कार्यालयात आधी विचारा. आणि अनुदान मिळतंय म्हणून मोठं मशीन घेऊ नका. पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन, धूळ खात पडलेली घरं मी पाहिली आहेत.

कशात बाहेर पडूच नये?

चवीत. तुमची भाजणी थोडी जास्त भाजलेली असते आणि तीच तुमची ओळख आहे. दुकानदार म्हणतो म्हणून सौम्य करू नका. भेसळ झाकणाऱ्या रंगात नको. नवऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीत नको. आणि एकाच मोठ्या गिऱ्हाईकाच्या भरवशावर बाकीची दुकानं सोडण्यात तर मुळीच नको.

कंपनीची पाचशे बॉक्सची दिवाळी ऑर्डर आली की डोकं ठिकाणावर राहत नाही. आधी एका दिवसात किती बॉक्स भरता येतात ते मोजा, मग अर्धे पैसे आगाऊ मागा. आगाऊ द्यायला तयार नसतील तर शंभर बॉक्स घ्या, चारशे सोडा. सोडलेल्या चारशेंचं दुःख आठ दिवस टिकतं. करून ठेवलेल्या आणि न उचललेल्या चारशेंचं काय होतं, ते बेसनाच्या लाडवांना विचारा.

कागदपत्रं काय काय लागतात?

अन्न सुरक्षेची नोंदणी आधी, ऑनलाइन होते. छोट्या उलाढालीला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. विक्रीसाठी वापरता तो काटा वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारून घ्यावा लागतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

जीएसटी महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाची ४० लाखांची उलाढाल होईपर्यंत सक्तीचा नाही. पण राज्याबाहेर माल विकलात तर ही सूट साधारणपणे लागू होत नाही. कोल्हापूरकरांनी हे नीट वाचावं: बेळगावचं दुकान सोलापूरपेक्षा जवळ असलं तरी ते कर्नाटकात आहे. सावंतवाडीहून म्हापशाला माल देणाऱ्यांचंही तेच. उलाढाल लहान असली तरी आधी सीएला विचारून घ्या.

अमेरिकेतून फराळाची मागणी येते. पाठवू का?

भाचीने स्वतःच्या घरासाठी मागवला तर कुरिअरवाला सांगेल ती कागदं द्या आणि पाठवा. विक्री म्हणून नियमित पाठवायचं तर आयात-निर्यात कोड लागतो आणि तिकडच्या अन्न खात्याचे नियम येतात. शिवाय अमेरिकेने ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे पूर्वीचा हिशेब आता लागू नाही. तिकडचा कर कोण भरणार, हे पैसे घेण्याआधी लेखी ठरवा. चिवडा हलका असतो पण जागा खातो आणि कुरिअर आकारमानावरही पैसे लावतं. म्हणून पहिल्या पार्सलात मेतकूट, भाजणी, चटण्या घाला, चकल्यांचा चुरा होतो.